मागच्या चाकाची हवा

आमच्या गल्लीत सोळा घरे आहेत आणि सात पिकअप गाड्या. नवागाम हे नाव गुजराती आणि सुरत शहरही गुजराती. परंतु या गल्लीत पाऊल टाकले की कानावर अहिराणी पडते. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून ताप्तीच्या खोऱ्यातल्या रेल्वेने पोटामागे आलेली माणसे उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या पट्ट्यात वसली. आमचे वडील त्यांपैकीच एक. ते यंत्रमागावर काम करीत. मी चार बुके शिकलो आणि महानगरपालिकेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवू लागलो. धाकट्या भावाला शाळा मानवली नाही. त्याने गाडी घेतली. कापड बाजारातली साड्यांची पार्सले खानदेशात पोचवायची आणि येताना मिळेल तो माल आणायचा, हा त्याचा व्यवसाय.

पहाटे साडेचारच्या सुमारास गल्लीत एक ठरावीक आवाज येतो. गाडी बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येक चालक हातात लोखंडी टॉमी घेऊन चारही टायरांवर एकेक फटका मारतो आणि कान देतो. आवाज टणक आला तर हवा ठीक, बद्द आला तर कमी. मडके वाजवून पाहण्याची आपली जुनी रीत चाकापर्यंत पोचली, असे मला वाटत असे आणि त्याचे कौतुकही वाटे. मात्र या परीक्षेत फक्त बसलेला टायर ओळखू येतो. पासष्ट आणि पन्नास यांच्यातला फरक कानाला कळत नाही, डोळ्यालाही कळत नाही.

पासष्ट काय आणि पन्नास काय, असे कोणी विचारील. आमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारीत नाही. हवा भरणारा विचारतो, "कितनी?" आणि उत्तर येते, "पैंतीस" किंवा "पचपन". एकक उच्चारण्याची पद्धत नाही. परीक्षेत एकक न लिहिणाऱ्या मुलाचा अर्धा गुण मी कापत असे, त्यामुळे हा प्रकार मला आरंभी खटके. ते एकक म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड. १९५६ च्या कायद्याने आपल्या देशात दशमान मापे आली. शेर गेला, कोस गेला, परंतु टायरातली हवा अजून पौंडांतच मोजली जाते.

२०१४ सालची गोष्ट. त्या वर्षी आखाजी मे महिन्याच्या २ तारखेला होती. गावी जाऊन, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस खाऊन भाऊ परतला आणि त्याच आठवड्यात त्याला धुळ्याची फेरी मिळाली. लग्नसराईच्या साड्या होत्या. मे महिन्यात त्या बाजूला पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाणे नवलाचे नाही. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही ओट्यावर बसलो होतो. भावाने विचारले, "दादा, लोके म्हनतस, उन्हायामा टायर फुटतस. हवा कितली ठेवानी?"

प्रश्न मला विचारला गेला याचा मला आनंद झाला, हे आता लपवण्यात अर्थ नाही. तो चार पैसे माझ्यापेक्षा अधिक मिळवीत असे. माझ्याकडे जे होते आणि त्याच्याकडे नव्हते, ते एवढेच. मी त्याला बाटलीचा प्रयोग सांगितला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुगा बसवून बाटली गरम पाण्यात ठेवली की फुगा उभा राहतो. उष्णतेने हवा प्रसरण पावते. टायर काही फुग्यासारखा मोठा होऊ शकत नाही, म्हणून आतला दाब वाढतो आणि तो वाढता वाढता टायर फुटतो. सबब उन्हाळ्यात हवा आधीच कमी ठेवावी, म्हणजे प्रसरणाला जागा राहते. मागच्या चाकांत तो पासष्ट भरत असे. मी म्हणालो, पन्नास ठेव.

त्याने पन्नास ठेवली.

सुरत-धुळे रस्ता बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी असा जातो आणि मग कोंडाईबारीचा घाट लागतो. विसरवाडी मागे टाकल्यावर, घाटाच्या अलीकडे, दुपारी दोनच्या सुमारास मागचा डावा टायर फुटला. गाडी डाव्या अंगाला ओढली गेली, रस्ता सोडून उतरली आणि निंबाच्या झाडावर आदळली. भावाचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. साड्यांची पार्सले फुटून रस्त्याकडेच्या बाभळींवर रंगीत कापड अडकले होते, असे नंतर त्याला उचलायला आलेल्यांनी सांगितले. जीव वाचला. पायात सळई आली आणि चालण्यात लंगडेपणा आला, तो कायमचा.

दवाखान्यातच तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, की दादाने हवा कमी करायला सांगितली होती म्हणून एवढ्यावर निभावले. पासष्ट असती तर टायर बाँबसारखा फुटला असता. मी खाटेच्या उशाशी बसून हे ऐकत असे. त्या वेळी मलाही ते खरे वाटत होते.

पंधरा दिवसांनी मोडलेली गाडी ओढून आणली, तेव्हा फुटलेला टायर घेऊन मी वळणावरच्या टायरवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ मूळचा केरळचा. आपल्याकडच्या हमरस्त्यांवर टायरच्या धंद्यात केरळची माणसे पुष्कळ. मल्याळी, हिंदी आणि गुजराती यांची मिसळ करून ती सगळ्या मुलखाशी बोलतात. रिमोल्ड करण्याजोगा काही भाग उरला आहे का, एवढेच मला विचारायचे होते. त्याने टायर उभा केला, दोन्ही हातांनी फाकवला आणि माझे बोट धरून आत फिरवले. बोटाला काळी भुकटी लागली. बगलेच्या आतल्या रबराचे पीठ झाले होते, धागे सुटून मोकळे झाले होते आणि फाटलेली रेघ कडेकडेने वर्तुळाकार गेली होती. "मास्टरजी," तो म्हणाला, "धूप से नहीं फटा. हवा कम था."

खिळ्याने किंवा दगडाने फुटलेल्या टायरची जखम एका जागी असते. कमी हवेवर धावलेला टायर बगलेत सगळीकडून थकलेला असतो. हे त्याने मला दाखवले. त्यामागचे कारण मला त्याने सांगण्याची गरज नव्हती. ते मी दरवर्षी वर्गात सांगत आलो होतो. लोखंडी तार घ्या, एकाच जागी भराभर पुढेमागे वाकवा आणि ती जागा ओठांना लावून पाहा: चटका बसतो. मुले या प्रयोगावर खूश असत.

टायरचे तेच होते. गाडीचे वजन रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. ज्या ठिकाणी टायर रस्त्याला टेकतो तिथे तो थोडा चपटा होतो आणि बगल वाकते. पुढच्या क्षणी ती सरळ होते. आमच्या गाडीच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरांहून किंचित कमी आहे. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे साडेचारशे फेरे. सुरत ते धुळे गाठेपर्यंत लाखाच्या आसपास. बगल लाखभर वेळा वाकते. हवा पुरेशी असेल तर वाकणे थोडे आणि तापणेही थोडे. हवा कमी पडली की बगल खोलवर वाकते, आतून तापते, तापलेले रबर धाग्यांची पकड सोडते आणि मग एका क्षणी सगळे उसवते. मी सूर्याच्या उष्णतेचा विचार केला होता. टायर स्वतः जी उष्णता निर्माण करतो तिचा केला नव्हता. बाटलीचा प्रयोग आणि तारेचा प्रयोग एकाच इयत्तेला, एकाच सत्रात मी शिकवीत असे. दोन्ही एकाच चाकाला लागू पडतात हे मला सुचले नाही.

घरी येऊन मी कागदावर आकडेमोड केली. वातावरणाचा दाब धरून पासष्टचे जवळपास ऐंशी होतात. पहाटेच्या २७ अंशांवरून आतली हवा दुपारी ६५ अंशांपर्यंत तापली, तर ऐंशीचे नव्वद होतील; म्हणजे मापकावर पासष्टच्या जागी पंचाहत्तर दिसेल. दहा पौंड वाढले. हे दहा पौंड टायर बनवणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेले असतात. म्हणून तर हवा थंड टायरात मोजायची असा नियम आहे, आणि धावून तापलेल्या टायरातली वाढीव हवा सोडायची नाही असाही. ढाब्यावर थांबून, टायरला हात लावून, "फार तापले" म्हणत हवा सोडणारे चालक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. ते माझेच विद्यार्थी शोभतात.

पुढची आकडेमोड अधिक बोचरी होती. टायरच्या बगलेवर बारीक अक्षरांत त्याची ऐपत लिहिलेली असते. आमच्यावर १०६/१०४ असे कोरले आहे. त्यातला १०६ हा संकेतांक एकेरी चाकासाठी. त्याचा अर्थ ९५० किलो. हे ९५० किलो पासष्ट पौंडांवर. पन्नासवर ही ऐपत सुमारे पावणेदोनशे किलोंनी उतरते. दोन मागच्या चाकांची मिळून साडेतीनशे. तेवढे वजन त्या दिवशी माझ्या सल्ल्यामुळे अधिकचे झाले होते.

ही गोष्ट मी भावाला सांगितली नाही. आधी म्हटले, त्याचा पाय बरा होऊ दे. पाय बरा झाला तेव्हा म्हटले, आता कशाला. मग ते तसेच राहिले. गाडी विकली, मी निवृत्त झालो, तो ओट्यावर बसू लागला. गल्लीतली नवी पोरे गाडी घेत आणि त्याच्यापाशी सल्ल्याला येत, कारण त्याला अनुभव होता आणि अनुभवाची खूण पायात होती. दर चैत्रात तो त्यांना सांगे: उन्हाळ्यात मागची हवा पन्नासवर आणा. आमच्या दादांनी सांगितलेले आहे, ते विज्ञानाचे शिक्षक. पोरे माझ्याकडे बघत. मी वर्तमानपत्र वाचीत असे.

मधल्या वर्षांत मी या विषयावर बरेच वाचले, त्यात प्रायश्चित्ताचा भाग असावा. हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये घेतले होते, परंतु ते मागे पडले. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली आणि तिथून पुढचा इतिहास घडला. अलीकडे पेट्रोल पंपांवर पैसे घेऊन नायट्रोजन भरून देतात. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, हे मी तिथल्या मुलाला सांगितले. त्याने मला पुढे व्हायला सांगितले.

परंतु या वाचनातून मुख्य गोष्ट कळली ती वेगळीच. पिकअपसाठी योग्य हवा किती, या प्रश्नाला एक उत्तर नाही. मोटारीला बहुधा असते, कारण मोटारीत माणसे बसतात आणि माणसांचे वजन फारसे बदलत नाही. पिकअप सकाळी भरलेली असते आणि संध्याकाळी रिकामी. पुढच्या चाकांवर इंजिनाचा भार, तो जवळपास कायम; म्हणून पुढची हवा फारशी बदलत नाही. हौद्यातला माल बसतो मागच्या आसावर. रिकाम्या गाडीत मागे पासष्ट ठेवली तर ती टणाटण उडते, टायरची नक्षी मधोमध झिजते, रस्त्यावरची पकड कमी होते आणि सुरतेच्या पावसात ते महागात पडते. पूर्ण भारासाठी मात्र तेच पासष्ट लागतात. योग्य हवा ठरवायची तर आधी माल किती आहे हे ठाऊक पाहिजे.

आणि इथेच आमच्या धंद्याची खरी गोम आहे. माल किती आहे हे कोणालाच सांगायचे नसते. नंदुरबारहून सुकी लाल मिरची भरून येते तेव्हा गोण्या आभाळाला टेकतात. बघणारा म्हणतो, केवढा माल! प्रत्यक्षात मिरची हलकी. हौदा भरतो, वजन भरत नाही. उलट साड्यांची पार्सले हौद्याच्या फळीच्या वर दिसतसुद्धा नाहीत आणि मागचे पाटे सरळ होऊन जातात. डोळा फसतो. डोळा फसत नसेल तिथे तोंड फसवते. व्यापारी म्हणतो सव्वा टन. हमाल हसतो. चालकाला ठाऊक असते की दीड टनाच्या पुढे आहे, पण भाडे गेले तर दुसरी गाडी उभीच आहे. २०१४ च्या त्या दिवशीही सव्वा टन सांगितले होते. खरे किती होते ते पार्सले बाभळींत विखुरल्यावर कोण मोजणार?

वास्तविक मोजणे अवघड नाही. भुईकाट्यावर गाडी न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, आकडा लिहावा. मग सगळी गाडी घ्यावी. दुसऱ्यातून पहिला वजा केला की मागच्या आसावरचे वजन निघते, त्याचे निम्मे एका चाकावर. पाचवीतल्या मुलाला जमेल अशी वजाबाकी आहे. ते उत्तर ९५० च्या वर गेले तर मग हवेचा प्रश्नच उरत नाही, माल उतरवायचा. ज्याला माल उतरवायचा नसतो तो काट्यावर जात नाही.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याने गाडी घेतली. जुन्याच जातीची, पण नवी. तिच्याबरोबर एक पुस्तिका आली होती; ती विम्याच्या कागदांसह प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गणपतीच्या तसबिरीखालच्या कप्प्यात ठेवण्यात आली. गेल्या वर्षी आखाजीच्या तोंडावर पुतण्याला धुळ्याचे भाडे मिळाले. रात्री ओट्यावर भाऊ त्याला म्हणाला, "मागची पन्नास कर." पुतण्या टॉमी आणायला उठला नाही, हवेचा छोटा मापक आणायला उठला. तेवढ्या अवधीत मी भावाला सांगितले.

मी ते नीट सांगू शकलो नाही. वर्गात चाळीस वर्षे बोललेला माणूस मी, पण बाटली आधी सांगावी की तार, की टायरच्या आतली भुकटी, हे मला सुचेना. शेवटी एवढेच म्हणालो, की टायर उन्हाने फुटला नव्हता, हवा कमी असल्याने फुटला. आणि कमी करायला मी सांगितले होते. भाऊ बराच वेळ आपल्या उजव्या पायाकडे बघत बसला. नंतर त्याने एकच प्रश्न केला.

"दादा, तुम्हले केव्हा समजनं?"

"त्याच महिन्यात," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. पुतण्या मापक घेऊन आला तेव्हा भावाने त्याला पुस्तिका काढायला लावली. गणपतीची तसबीर हलवून पुस्तिका बाहेर आली. ती इंग्रजीत होती. पुतण्याने वाचून दाखवली. पुढे चाळीस, मागे भरलेल्या गाडीला पासष्ट, रिकामीला चाळीस. मापक लावला. मागच्या उजव्या चाकात एकोणपन्नास भरली, डाव्यात सेहेचाळीस. आणि पुतण्या म्हणत होता की परवाच पंपावर पंचावन्न भरून घेतली होती. पंपावरचा काटा आणि आमचा मापक यांचे जमत नव्हते. कोणता खरा हे त्या रात्री ठरवता आले नाही. सकाळी टायर थंड असताना केरळच्या गृहस्थाकडे जाऊन दोन्ही पडताळून पाहायचे ठरले. भाऊ माझ्याकडे न बघता आत झोपायला गेला.

पहाटे टॉमीच्या फटक्यांनी जाग आली. खिडकीतून पाहिले तर भाऊ काठी टेकत पलीकडच्या घरासमोर उभा होता. तिथल्या पोराला त्याने गेल्याच महिन्यात पन्नासचा सल्ला दिला होता. भाऊ त्याला सांगत होता, की आमच्या दादांनी मला चुकीचे सांगितले होते आणि मी तुला चुकीचे सांगितले. त्याने माझे नाव घेतले, आवाज खाली न आणता. पोरगा गोंधळून म्हणाला, "मंग आते कितली भरू?"

"पहिले काटावर जाय," भाऊ म्हणाला. "मंग इचार."